सिटी ऑफ गॉड : टोळीचा नाही, पोरांचा चित्रपट

तापीकाठ (जळगाव)

'सिटी ऑफ गॉड'बद्दल बोलायचं आहे, आणि जरा सविस्तर बोलायचं आहे. पुढे कथानक उघड होणार, तेव्हा ज्यांना आधी पाहायचा असेल त्यांनी इथेच थांबा.

ब्राझीलचा चित्रपट, २००२ चा. मूळ नाव 'सिदाजी जी देउस'. दिग्दर्शक फर्नांदो मेइरेलेस, सहदिग्दर्शक कातिया लुंद. पाउलो लिन्स यांच्या १९९७ च्या कादंबरीवर आधारलेला, आणि हे लिन्स त्याच वसाहतीत वाढलेले. २००४ च्या ऑस्करला दिग्दर्शन, रूपांतरित पटकथा, छायाचित्रण आणि संकलन अशी चार नामांकनं होती. जगातल्या उत्तम गुन्हेपटांची कुठलीही यादी काढा, हा असतोच.

गेल्या महिन्यात जळगावात एका सभागृहात दाखवला. नंतर तासभर चर्चा झाली ती सगळी कॅमेऱ्याची, रंगांची, संकलनाची. मला राहून राहून वाटत होतं की बोलायची गोष्ट बाजूलाच राहिली. लोक याला टोळीयुद्धाचा चित्रपट म्हणतात. माझ्या मते टोळी यात निमित्ताला आहे. हा चित्रपट वयाचा आहे. कितव्या वर्षी पोराच्या हातात काय येतं आणि तेव्हा मोठी माणसं कुठे असतात, एवढंच तो दोन तास विचारतो.

गोष्ट थोडक्यात सांगतो. साठचं दशक, रिओ दि जानेरो. शहराच्या श्रीमंत भागातल्या झोपड्या उठवल्या, त्यात १९६६ च्या पुराने बेघर झालेले. या सगळ्यांना शहराबाहेर लांब एका नव्या सरकारी वसाहतीत नेऊन टाकलं. वीज नाही, रस्ता नाही, बस नाही. तिथला बुस्कापे नावाचा पोरगा आपल्याला गोष्ट सांगतो. त्याला फोटोग्राफर व्हायचंय. त्याचा मोठा भाऊ आणि दोन मित्र असे तिघं मिळून लुटालूट करतात. गॅसची गाडी अडवतात, पैसे खिशात घालतात आणि टाक्या वस्तीला वाटून टाकतात. बायाबापड्या टाक्या उचलून पळतात. इथवर प्रकरण जवळजवळ गमतीचं वाटतं.

या तिघांच्या मागे मागे एक लहानगा फिरत असतो, दादिन्यो. आठ-नऊ वर्षांचा असेल. एका लॉजवर दरोडा घालायची कल्पना त्याचीच. मोठे त्याला बाहेर पहाऱ्याला उभं करतात, वय लहान म्हणून. दरोडा होतो, तिघं पळतात, आणि नंतर कळतं की आत सगळे मेलेत. कोणी मारले ते चित्रपट बराच वेळ सांगत नाही. सांगतो तेव्हा त्या पोराचं हसणं दाखवतो. मी तिथे थिजलो. गोळी झाडताना तो खेळतोय तसा हसतोय.

हाच पुढे झे पेकेनो होतो, वसाहतीचा मालक. आणि मग त्याच्याही मागे मागे फिरणारी आणखी लहान पोरं येतात.

आता इथलं सांगतो. आम्ही काही जण एमआयडीसीच्या मागच्या एका वस्तीत संध्याकाळी अभ्यासिका चालवतो. वस्तीचं नाव मुद्दाम घेत नाही. पोरांचे बाप डाळ मिलला हमाली करतात, आया चटईच्या कारखान्यात. सकाळी आठला गेलेलं घर रात्री आठला परत येतं. मधल्या वेळात पोरगं आणि मोबाइल. मोबाइलवर काय, तर तलवारीने केक कापणारा भाई, मागे डीजे, खाली कमेंटमध्ये पाचशे 'भाऊ'. नववीतल्या एकाने इन्स्टाच्या नावापुढे 'तीनशे सात' लिहिलं होतं. कायदा बदलून कलमाचा आकडाही बदलला, पण पोरांत तोच मान. कलम कशाचं आहे विचारलं तर म्हणाला, "हाफ मर्डर, सर." छाती फुगवून.

म्हणून माझ्या डोक्यात असं आहे की हा चित्रपट त्या वस्तीतल्या मोठ्या माणसांना दाखवावा. आया, बाप, मोठे भाऊ, रिक्षावाले, किराणावाला. समाजमंदिरात पडदा लावून. मित्र म्हणतात डोकं फिरलंय का, पोरं खिडकीतून बघतील आणि नको ते शिकतील. तुम्हाला काय वाटतं?

—

खान्देशी_पोर

दादा, चित्रपट जबरदस्तच आहे, प्रश्नच नाही. पण एक सांगतो, आमच्या होस्टेलला दोघातिघांचा डीपी झे पेकेनोचा आहे, हातात बंदूक घेतलेला. त्यांनी पूर्ण चित्रपट पाहिलाय. तरी डीपी तोच. म्हणजे तुमच्या मित्रांची भीती काही अगदीच खोटी नाही.

—

जंक्शन_भुसावळ

तापीकाठ, फार चांगला धागा काढलात. मी रेल्वेतून निवृत्त झालो तेव्हापासून असले चित्रपट शोधून शोधून पाहतो, त्यामुळे थोडी भर घालतो. तुम्हाला कॅमेऱ्याच्या गप्पांचा कंटाळा आलाय हे कळलं, पण यातला कॅमेरा तुमच्याच बाजूने बोलतो, म्हणून ऐका.

साठच्या दशकाचा भाग नीट पाहा. सोनेरी ऊन, उघडं मैदान, कॅमेरा स्थिर. माणसं चौकटीत नीट बसलेली. सत्तरीत शिरलो की रंग बदलतात, कॅमेरा हातात येतो आणि चौकट हलायला लागते. शेवटी शेवटी तर कोण कोणाला मारतंय तेच कळेनासं होतं. वसाहत वाढत गेली, भिंती जवळ आल्या, आकाश कमी झालं. छायाचित्रकार सेझार शार्लोन आणि संकलक दानियल रेझेंदे या दोघांनी हे घडवलंय.

त्यातला एक भाग मी पुन्हा पुन्हा लावून पाहतो. एका फ्लॅटची गोष्ट. कॅमेरा एकाच कोपऱ्यात ठेवलाय, हलवलेला नाही. खोली तीच. आधी एका बाईचं घर, तिथे ती थोडासा गांजा विकते. मग तिच्याकडून तो धंदा दुसरा घेतो, त्याच्याकडून तिसरा. सामान जातं, भिंतींचा रंग उडतो, उजेड कमी होतो. काही मिनिटांत एका खोलीचा अड्डा होतो आणि त्या खोलीत पोरांचं वय प्रत्येक वेळी खाली येतं. भाषण नाही, उपदेश नाही.

दुसरी गोष्ट नटांची. व्यावसायिक नट यात मोजकेच. बाकी सगळी रिओच्या वस्त्यांतली पोरं. विदिगाल नावाच्या वस्तीत 'नोस दो मोर्रो' ही नाट्यसंस्था आहे, तिची मदत घेऊन शंभरावर पोरांची कित्येक महिने कार्यशाळा चालवली. हातात पटकथा न देता प्रसंग सांगायचे आणि पोरं आपल्या भाषेत बोलायची. टोळीयुद्धाला निघण्याआधी सगळी पोरं हात धरून प्रार्थना करतात तो प्रसंग आठवतोय? तो पटकथेत नव्हता. त्यातल्याच एका पोराने सांगितलं की लढाईला जाण्याआधी आम्ही प्रार्थना करायचो. झे पेकेनो झालेला लेआंद्रो फिर्मिनो तर त्याच वसाहतीतला. मित्राला सोबत म्हणून निवडीला गेला आणि त्यालाच घेतलं.

चित्रीकरण मात्र बहुतेक दुसऱ्या वस्तीत झालं. खऱ्या ठिकाणी टोळीचाच अंमल होता.

—

मेहरूण

मी जरा वेगळं बोलतो, राग नसावा.

चित्रपट आला तेव्हा खुद्द ब्राझीलमध्ये त्याच्यावर कडाडून टीका झाली होती. इव्हाना बेंतेस या अभ्यासक बाईंनी त्याला 'भुकेचं प्रसाधन' म्हटलं. त्यामागे संदर्भ आहे. ग्लाउबर रोशा या दिग्दर्शकाने १९६५ मध्ये 'भुकेचं सौंदर्यशास्त्र' नावाचा जाहीरनामा लिहिला होता, की आमची गरिबी पाहणाऱ्याला टोचली पाहिजे. बेंतेस यांचं म्हणणं असं की इथे ती टोचत नाही, चकचकीत करून हातात दिली जाते. मेइरेलेस जाहिरातींच्या धंद्यातून आलेले, हेही लक्षात घ्या. मरण येतं ते सांबा आणि फंकच्या तालावर.

आणि एक मोठी उणीव. ही वसाहत सरकारने वसवली. पण चित्रपटात सरकार कुठे आहे? लाच खाणारा पोलीस सोडला तर कोणी नाही. नगरपालिका नाही, शाळा नाही, दवाखाना नाही, मत मागायला येणारा नाही. पाहणाऱ्याला वाटतं की या लोकांचं रक्तच तसं. आपल्याकडे गरिबांच्या घरांचं काय होतं हे आपण जवळून पाहिलंय. जळगाव घरकुल प्रकरणात, म्हणजे गरिबांच्या घरांच्या योजनेतल्या गैरव्यवहारात, २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने शिक्षा सुनावल्या. वस्ती बिघडली म्हणताना ती कोणी आणि कशी वसवली हे आधी सांगायला हवं, आणि चित्रपट ते पाच मिनिटांत उरकून टाकतो.

—

तापीकाठ (जळगाव)

मेहरूण, राग कसला. तुमचा दुसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पहिला नाही.

टोचत नाही म्हणता, तर तो गल्लीतला प्रसंग आठवा. 'काइशा बाइशा' म्हणून अगदी बारकी पोरं असतात, ती वसाहतीतल्याच दुकानात चोऱ्या करतात. आपल्या इलाख्यात चोरी नको असा झेचा नियम. दोन पोरं त्याच्या तावडीत सापडतात. एक सहा-सात वर्षांचं. झे विचारतो, गोळी हातावर हवी की पायावर. पोरगं रडत रडत हात पुढे करतं. इथवरच पाहवत नाही. पण झे पुढे काय करतो? आपल्या टोळीत नव्याने आलेल्या एका पोराच्या हातात पिस्तूल देतो आणि म्हणतो, या दोघांतला एक निवड आणि मार. त्या पोराचा चेहरा पाहा. त्याला मारायचं नाहीये. आजूबाजूचे मोठे हसतायत, टोचतायत, 'मर्द हो' म्हणतायत. तो मारतो.

या प्रसंगाला संगीत नाही, नाच नाही, कॅमेऱ्याची करामत नाही. नुसतं त्या बारक्याचं रडणं. आईला हाक मारतात ना पोरं, तसलं रडणं. सभागृहात माझ्या शेजारचे गृहस्थ उठून बाहेर गेले. चकचकीतपणा असता तर बसून राहिले असते.

—

गिरणाकाठ

तापीकाठ भाऊ, मी अहिराणीमाच लिखस. पिक्चर मी दखा नही, पन तुम्हनं बठ्ठं वाचं. आम्हना गिरणाकाठना गावमा रातले वाळूना डंपर निंघतस. नाकावर बारा-तेरा वरीसना पोऱ्या बठाडतस. साहेबनी गाडी दखाई का फोन करना, इतलंच काम. शंभर-दोनशे रुप्या भेटतस. मायले वाटस पोऱ्या कमाई राह्यना. मंग तो शाळामा जास नही. हाई बी तेच शे ना?

—

तापीकाठ (जळगाव)

गिरणाकाठ बापू, तेच शे. अगदी तेच. चित्रपटात बुस्कापे एका ठिकाणी धंद्याची सगळी उतरंड समजावून सांगतो, जणू कारखान्यात भरती चाललीय. सगळ्यात लहान पोरगं निरोप पोचवणार आणि थंड बाटल्या आणून देणार. जरा मोठं झालं की पहाऱ्याला, पोलीस आले की ओरडणार. मग विक्रीला. मग हातात बंदूक. मग व्यवस्थापक. प्रत्येक पायरीला पगार, प्रत्येक पायरीला मान. तुमच्या नाक्यावरचं पोरगं दुसऱ्या पायरीवर बसलंय.

—

पांझराकाठी (धुळे)

मी वकिली करते आणि बाल न्याय मंडळासमोर मुलांची बाजू मांडते, म्हणून या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

वर्तमानपत्रात 'विधिसंघर्षग्रस्त बालक (म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेलं मूल) ताब्यात' अशी ओळ येते आणि लोक पान उलटतात. त्या ओळीमागचं मूल मला समोर बसलेलं दिसतं. मी प्रत्येकाला एकच विचारते, "पहिल्यांदा तुला काम कोणी सांगितलं?" उत्तर नेहमी एखाद्या मोठ्या माणसाचं असतं. गाडी इथून तिथे नेऊन लाव, ही पिशवी तुझ्याकडे ठेव, कोण येतंय ते बघ. मोठ्यांना पक्कं माहीत असतं की पोरगं अठराच्या आतलं आहे, सापडलं तर फारसं काही होणार नाही. पूर्वी ते खरंही होतं. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्यानंतर सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला, तर मंडळ प्राथमिक मूल्यांकन करून त्याला प्रौढांसारखा खटला चालवायला पाठवू शकतं. हे पोरांना कोणी सांगत नाही. वापरणारे तर सांगणारच नाहीत.

तापीकाठ दादा, तुम्ही ज्या पोराचं लिहिलंत, ज्याच्या हातात पिस्तूल देऊन निवडायला लावतात, कायद्याच्या कागदावर तो खुनी आहे. आणि चित्रपट आपल्याला नेमकं तेच दाखवतो की ते पिस्तूल कोणाचं होतं आणि भोवती कोण उभं होतं. माझ्या सगळ्या कामाचा तो एक प्रसंग आहे.

आता व्यवहाराचं. दाखवायचा असेल तर अठराच्या आतलं एकही मूल खोलीत नको. यात बलात्कार आहे, नशा आहे, मुलांची हत्या आहे. समाजमंदिराच्या खिडक्या बंद करा. उघड्या मैदानात अजिबात नको. आणि चार लोकांना बोलावून दाखवणं म्हणजे सार्वजनिक प्रदर्शन, त्याला हक्कधारकांची परवानगी लागते, ती रीतसर घ्या.

—

खान्देशी_पोर

पांझराकाठी ताई, एक विचारू? माने गालिन्याबद्दल तुमचं काय मत? मला तो सगळ्यात जास्त लागला. बसवर काम करणारा, सैन्यात राहून आलेला, सरळ माणूस. झे त्याच्या मैत्रिणीवर बलात्कार करतो, त्याच्या घरावर गोळीबार करतो, भाऊ मारतो. मग तो दुसऱ्या टोळीत जातो. आधी अट घालतो की निरपराध माणूस मारायचा नाही. पुढे एकदा अपवाद, मग पुन्हा अपवाद, मग तोच नियम. आणि शेवटी त्याला मारतो कोण, तर त्याने दरोड्यात मारलेल्या एका पहारेकऱ्याचा मुलगा, जो त्याच्याच टोळीत येऊन राहिलेला असतो. पाहताना मी पूर्णवेळ त्याच्या बाजूने होतो. मला त्याने झेला मारायला हवं होतं.

—

पांझराकाठी (धुळे)

तुम्हालाच नाही, सगळ्या वसाहतीला तसं वाटत होतं. लोक त्याला आशीर्वाद देतात, पोरं येऊन म्हणतात मला पण बंदूक दे. एका चांगल्या माणसाने हत्यार उचललं की त्याच्या मागे दहा पोरं उचलतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाकडे काहीतरी न्याय्य कारण असतं. धुळ्यात दंगलीनंतरच्या दिवसांत मी आयांना असंच बोलताना ऐकलंय, "आपल्या पोरांनी काही केलं नाही, वाचवलं आपल्याला." त्या आयांना दोष देत नाही. भीती खरी होती.

—

जंक्शन_भुसावळ

हत्यारांवरून आठवलं. पोलिसाकडच्या बंदुका चित्रपटात टोळीलाच विकल्या जातात. शेवटी झे पकडला जातो तेव्हा पोलीस त्याच्याकडून पैसे काढून घेतात आणि सोडून देतात. बुस्कापे लपून दोन्ही फोटो काढतो : पैसे घेणाऱ्या पोलिसांचा आणि नंतर पडलेल्या झेच्या प्रेताचा. वर्तमानपत्राला देतो तो प्रेताचा. त्यावर त्याला नोकरी लागते. पोलिसांचा फोटो दिला तर जिवाला धोका. त्या पोराला मी बोल लावणार नाही, पण त्या एका निवडीत चित्रपटाने किती सांगून टाकलंय.

आपल्याकडे सातपुड्याच्या पलीकडून, चोपडा-शिरपूरच्या सीमेवरून गावठी कट्टे येतात. पकडल्याच्या बातम्या आपण वाचतच असतो. फोटोत टेबलावर कट्टे मांडलेले, मागे पथक उभं, खाली मान घातलेला विशीतला पोरगा. तो पोरगा कोणासाठी आणत होता, हे दुसऱ्या दिवशीच्या बातमीत कधी वाचलंय कोणी? माझ्या तरी वाचनात नाही.

—

वस्तीतली

मी तीन दिवस हा धागा वाचतेय. लिहू की नको करत होते.

मी अशाच एका वस्तीत राहते, नर्सिंग शिकते. तुम्ही सगळे मनापासून लिहिताय, ते दिसतंय. पण ज्या वसाहतीवर चित्रपट काढला, तिथल्यांना काय वाटलं हे कोणीच लिहिलं नाही. एमव्ही बिल नावाचा तिथलाच रॅपर आहे. त्याने चित्रपटाविरुद्ध उघड भूमिका घेतली. त्याचं म्हणणं असं की आमच्या वसाहतीचं खरं नाव लावून तुम्ही जगभर चित्रपट दाखवलात, आता आमची पोरं कुठेही गेली की त्यांच्या कपाळावर तेच.

मला हे पुस्तकातून समजून घ्यावं लागत नाही. एका खासगी दवाखान्यात कामासाठी गेले होते. गुण पाहिले, बोलणं छान झालं. पत्ता वाचला आणि बाईंचा सूरच बदलला. "नाइट ड्यूटीला घरून यायला जमेल का, तिकडून?" नंतर फोन आला नाही. रात्री नऊनंतर रिक्षावाले आमच्या नाक्यावर सोडतात, आत येत नाहीत. आमच्या गल्लीतले चार जण तडीपार आहेत, हे खरं आहे. उरलेली दोनशे घरं सकाळी उठून कामाला जातात, हेही खरं आहे. पेपरात गल्लीचं नाव येतं ते त्या चौघांमुळेच.

तापीकाठ दादा, तुम्ही वस्तीचं नाव घेतलं नाही, म्हणून मी लिहायला बसले.

आणि एक. या चित्रपटात बायका कुठे आहेत? आन्जेलिका आहे, ती समुद्रकिनाऱ्यावर दिसते आणि प्रेमात पडते. एकीला नवरा मारून पुरतो. एकीवर बलात्कार होतो, आणि पुढे ती कुठे गेली हे चित्रपट सांगत नाही. सगळा सूड तिच्यावरून सुरू होतो आणि तिचंच काय झालं ते नाही. एवढ्या वसाहतीत एकही आई नाही का, जिने पोराला कॉलर धरून घरात ओढलं? आमच्या गल्लीत अशा आया घरटी आहेत. माझी स्वतःची आई माझ्या भावाला रात्री अकरा वाजता पानटपरीवरून ओढत आणायची, चारचौघांत, तो बारावीला असताना. आज तो जैन पाइपच्या... जाऊ द्या, एका कंपनीत फिटर आहे. तिच्यावर कोणी चित्रपट काढणार नाही.

—

मेहरूण

वस्तीतली ताई, माझ्या सगळ्या परीक्षणापेक्षा तुमचा शेवटचा परिच्छेद वजनदार आहे. सूड घेणाऱ्यांच्या गर्दीत ती मुलगी हरवते, हे मी इतक्या वेळा पाहूनही कधी टिपलं नव्हतं.

—

जंक्शन_भुसावळ

ताई, तुमचं वाचून मुद्दाम एक माहिती देतो. त्या पोरांच्या कार्यशाळेतूनच पुढे 'नोस दो सिनेमा' ही संस्था उभी राहिली, वस्त्यांतल्या मुलांना चित्रपट बनवायला शिकवणारी. आपल्याकडे १९८८ मध्ये मीरा नायर यांच्या 'सलाम बॉम्बे'नंतर 'सलाम बालक ट्रस्ट' सुरू झाला, तसंच. आणि २०१३ मध्ये त्या नटांचं दहा वर्षांनी काय झालं यावर एक माहितीपट आला. काही जण नावारूपाला आले, सेउ जॉर्जी आणि आलिसी ब्रागा यांना तर जग ओळखतं. बऱ्याच जणांना मात्र फार थोडे पैसे मिळाले आणि ते होते तिथेच राहिले. चित्रपटाने जगभर धंदा केला, त्या मानाने पोरांच्या पदरात काय पडलं हा प्रश्न त्यांनी स्वतःच त्यात विचारलाय.

—

तापीकाठ (जळगाव)

वस्तीतली ताई, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. आई नसण्याबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. मला वाटतं चित्रपटाने मोठी माणसं मुद्दाम चौकटीबाहेर ठेवलीत. बुस्कापेचा बाप दिसतो, मोठ्या मुलाला मासे विकायला पाठवतो, तेवढाच. पोरांच्या डोळ्यांतून पाहिलं तर मोठी माणसं अशीच दिसतात : कामावर गेलेली, दमलेली, रागावलेली. पण त्या मुलीचं जे म्हणालात, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. ती चूकच आहे चित्रपटाची.

खान्देशी_पोर, तुमच्या होस्टेलच्या डीपीवरही बोलायचं राहिलं. तुमच्या मित्रांना सांगा, झेचा शेवट पुन्हा लावा. तो कोणा शूराच्या हातून मरत नाही. पोलीस त्याला नागवतात, खिशात दमडी नाही, टोळी संपलेली. तेवढ्यात तीच बारकी पोरं येतात, ज्यांच्यातल्या एकाला त्याने दुसऱ्या पोराच्या हातून मारलं होतं, आणि त्याला रस्त्यात मारून टाकतात. मग चालता चालता आता कोणाकोणाला उडवायचं याची यादी करत निघून जातात. त्यांच्यातल्या काहींना तर नीट लिहितासुद्धा येत नाही. हे शेवटचं मी वस्तीत सांगणार आहे, कारण तलवारीने केक कापणाऱ्याच्या मागे जी पोरं टाळ्या वाजवत उभी असतात ना, ती त्याच्याकडे कायम तशीच बघणार नाहीत.

आता ठरवलंय ते सांगतो. पांझराकाठी ताईंनी सांगितलं तसंच करणार : अठराच्या आतलं कोणी नाही, खिडक्या बंद, परवानगीचं पत्र लिहायला घेतलंय. पोरांसाठी त्याच आठवड्यात वेगळं. तीन-चार जुने मोबाइल गोळा केलेत, भुसावळचे काका येऊन फोटो काढायला शिकवतो म्हणालेत. आपल्या गल्लीचा फोटो काढून आणायचा, एवढंच काम. मराठी उपशीर्षकं मिळाली नाहीत, तर मी आणि आणखी एक जण अधूनमधून थांबवून सांगत जाऊ. दोन तास दहा मिनिटांचा आहे, थांबत थांबत तीन तास होतील. शनिवारी रात्री नऊ वाजता, रविवारी डाळ मिलला सुट्टी असते म्हणून.

गिरणाकाठ बापू, जमलं तर या. नाक्यावरच्या त्या पोराच्या आईला सोबत आणा.

—

गिरणाकाठ

येस भाऊ. ती माय येई का नही ते सांगता येत नही, पन मी जाईसन बोलस तिले.

—

पांझराकाठी (धुळे)

मी येते. संपल्यावर मला दहा मिनिटं द्या. सोळा ते अठराचा कायदा काय आहे, एवढंच सोप्या भाषेत सांगेन. आणि पोरगं रात्री पोलिसांनी नेलं तर आईने आधी काय विचारायचं ते : त्याला कोठडीत ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही, चोवीस तासांत मंडळापुढे न्यावं लागतं.

—

वस्तीतली

मी आईला घेऊन येते. तिला पुढे बसवा, तिला लांबचं दिसत नाही. आणि संपल्यावर माइक आधी बायकांकडे द्या. एकदा का नगरसेवकाच्या हातात गेला, की रात्रीचा एक तिथेच वाजेल.